लिहून देणार, लिहून घेणार

खरेदीखत काढा, गहाणखत काढा, नाहीतर बक्षीसपत्र. पहिल्याच पानावर दोन पक्षकार ठरलेले असतात: एक 'लिहून घेणार', दुसरा 'लिहून देणार'. गंमत अशी की दोघांपैकी एकही जण काही लिहीत नाही. लिहिणारा तिसराच, म्हणजे मी. पंढरपुरात कचेरीजवळ आमचं टेबल तीन पिढ्यांचं आहे. आजोबा अर्जनवीस होते, वडील टायपिंग शिकून दस्तलेखक झाले, मीही दस्तलेखकच. फक्त टाक-दौत जाऊन टाइपरायटर आला आणि टाइपरायटर जाऊन संगणक. तिन्ही पिढ्यांचं पोट भरलं ते जोडीच्या क्रियापदांवर. मराठीत ती 'ऊन' लावून जोडली जातात, इंग्रजीत मध्ये 'अँड' घालून. या दोन जोडांमधला फरक व्याकरणाच्या मास्तरांना परीक्षेपुरता लागतो. आमच्या धंद्यात त्या फरकावर माणसाची जमीन राहते किंवा जाते.

आधी मराठी जोड पाहू. खरेदीखत 'लिहून देतात', भाडेपट्टा मालक 'लिहून घेतो', मृत्युपत्र मात्र 'लिहून ठेवतात'. लिहिण्याची क्रिया तीच, पण पुढचं क्रियापद सांगतं की कागद कुणाकडून कुणाकडे चालला आहे. मृत्युपत्र घेणारा आज हजर नसतो, असला तरी त्याला आज काही मिळत नसतं, म्हणून तिथं 'ठेवणे'. ही वाटणी कुठल्या कायद्यानं केलेली नाही. इंग्रजी दस्तात 'व्हेंडर' आणि 'पर्चेसर' ही नुसती नावं येतात. मराठी दस्तात पक्षकाराचं नावच क्रियापदाचं आहे.

जुना दस्त कधी हातात घेतला असेल तर त्यातला 'ऊन'चा दुसरा प्रकारही पाहिला असेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे कितीतरी कागद मोडीत आहेत. मोडीत हात न उचलता लिहायचं, त्यामुळं ओळ कुठं थांबते ते डोळ्यांना कळत नाही. विरामचिन्हं मराठीत रुळवली ती मेजर टॉमस कँडीसारख्या इंग्रज भाषापंडितांनी, तीही छापील पुस्तकांत. दस्तांपर्यंत ती पोचायला फार वेळ लागला. सबब अख्खा दस्त म्हणजे एकच वाक्य. तुम्हांपासून रोख रक्कम घेऊन, ती मोजून पाहून, भरून पावून, सदरहू मिळकतीचा कब्जा देऊन, राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं, समजून उमजून... असं करत करत वाक्य चतुःसीमेला वळसा घालतं, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप हे सगळं बरोबर घेतं आणि शेवटच्या ओळीत 'हे खरेदीखत लिहून दिले असे' इथं येऊन टेकतं. पूर्ण क्रियापद एकच, तेही शेवटी. मधली सगळी 'ऊन'वाली.

पाणिनीनं संस्कृतात याचा नियम बांधून ठेवला आहे: दोन क्रियांचा कर्ता एक असेल तर आधीच्या क्रियेला 'क्त्वा' लागतो. कृत्वा, गत्वा, दत्त्वा. मराठीत त्याचं काम 'ऊन' करतो, संतांच्या मराठीत 'ऊनि' आणि 'ओनिया'. शाळेच्या व्याकरणात याला पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय असं दणदणीत नाव आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापून आलं आणि तेव्हापासून पोरं हे पाठ करत आली. आपल्याच भाषेत हे आहे असंही नाही. मंगळवेढ्याच्या पुढं इंडी-विजापूरकडून येणारे वारकरी कानडीत 'ओदि हेळु' म्हणतात, म्हणजे 'वाचून सांग'. सोलापुरातले पद्मशाली विणकर तेलुगूत 'चदिवि चेप्पु' म्हणतात, अर्थ तोच. भाषा वेगळ्या कुळातल्या, पण ठेवण एक. मरी एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९५६ साली 'भाषिक क्षेत्र म्हणून भारत' अशी कल्पना मांडली. कुळं वेगळी असली तरी शेजारानं भाषा एकमेकींसारख्या होतात, असं त्याचं म्हणणं. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहिलं की त्याचा निबंध न वाचताही ते पटतं.

आता या 'ऊन'ची खोड सांगतो. तो आधीच्या क्रियेला वाक्यात आणतो, पण तिला मान देत नाही. 'वाचून सही केली' या वाक्यात जोर सगळा सहीवर आहे. वाचणं झालं असेल, नसेल, अर्धवट झालं असेल. वाक्य त्याच्यावरून पाणी वाहावं तसं पुढं निघून जातं. सावकारांनी याचा फायदा उठवला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून खतं मागितली आणि जाळली. घरादाराच्या लुटीपेक्षा कागदाचा राग जास्त होता, हे त्या दंग्याचं वैशिष्ट्य. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो लागू झाला चार जिल्ह्यांना: पुणे, नगर, सातारा आणि आपलं सोलापूर. म्हणजे पंढरपूर तालुकाही त्यात आला. या कायद्यात व्याजाच्या हिशेबाबद्दल, तडजोडीबद्दल, पावत्यांबद्दल बरंच काही आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत तेच सांगतात. माझ्या धंद्याच्या नजरेनं सगळ्यात मोलाचं कलम मात्र निराळं आहे. शेतकऱ्यानं करून द्यायचा कर्जाचा दस्त गावच्या रजिस्ट्रारनं लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा, पक्षकारांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, ज्याला वाचता येतं त्याला स्वतः वाचायला लावायचा आणि मगच सही किंवा अंगठा. कायद्यानं वाचण्याला स्वतंत्र क्रिया मानलं, ते इथं. सही करून घेतली की वाचलं असं धरून चालायचं नाही.

आजोबांच्या काळात हा कायदा कचेरीतल्या लोकांच्या तोंडी होता. त्यांचं शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंतचं, म्हणजे मराठी सातवी. इंग्रजी शिकले ते दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. ज्यांनी ती पाठमाला पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्यं इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्यं मराठीत करायची, पानंच्या पानं. तिची पुढं पुष्कळ टवाळी झाली. भाषांतर करून भाषा येत नाही, सरळ त्या भाषेतच शिकवा, असं म्हणणारी 'डायरेक्ट मेथड' विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मुंबई इलाख्यात आली होती. तिचा हिरिरीनं पुरस्कार करणारा एक शिक्षणाधिकारी म्हणजे पी. सी. रेन. 'रेन अँड मार्टिन'च्या व्याकरणातला रेन तो हाच. गंमत पाहा, डायरेक्ट मेथड विसरली गेली आणि याच माणसाचं १९३५ चं व्याकरण मात्र आजही पुस्तकांच्या दुकानात मिळतं. त्या काळात मुंबईच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक घडवणारे प्राचार्य जे. नेल्सन फ्रेझर यांनी तर के. बी. मराठ्यांना हाताशी धरून तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, तीन खंडांत. भाषांतर करून भाषा येते की नाही हा वाद शिक्षणतज्ज्ञांनी घालावा. अर्जनवीसाला भाषांतरच करायचं होतं. तिऱ्हाइताचं मराठी रडगाणं ऐकायचं आणि साहेबाला कळेल अशा इंग्रजीत उतरवायचं. त्याला पाठमालेइतकी उपयोगी दुसरी वस्तू नव्हती.

पाठमालेच्या शिस्तीत 'ऊन' आला की बहुतेक वेळा 'अँड' घालायचा. 'जाऊन आण' म्हणजे 'गो अँड ब्रिंग'. 'येऊन बघ' म्हणजे 'कम अँड सी'. चुकीचं काही नाही, इंग्रज असंच बोलतो. पण अर्जात याचा परिणाम काय झाला ते बघण्यासारखं आहे. मराठी अर्जाचा शेवट ठरलेला: 'तरी सदर बाबीत लक्ष घालून योग्य ती तजवीज करावी, ही विनंती.' त्याचं इंग्रजी झालं 'काइंडली लुक इंटू द मॅटर अँड डू द नीडफुल'. हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांमध्ये या वाक्यानं किती कागद झिजवले असतील त्याला सुमार नाही. 'डू द नीडफुल'ला आज शहाणे लोक हसतात. मूळ प्रयोग तसा इंग्रजांचाच, त्यांनी टाकला, आपण ठेवला. मला त्यात दुसरंच दिसतं. मराठीत मागणी एक आहे: तजवीज करा. लक्ष घालणं तिच्या पोटात आलं. इंग्रजीत मागण्या दोन झाल्या. आजोबा म्हणायचे, साहेब पहिली पुरी करतो आणि दुसरी आपल्या नशिबावर सोडतो. 'लुक्ड इंटू' असा शेरा मारून फाइल बंद करायला त्याला इंग्रजीनंच वाट करून दिली.

तारेत हे दुखणं नव्हतं. तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून 'अँड'ला तिथं थारा नसे. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. आजोबांकडे तार लिहून घ्यायला येणारा माणूस आधीच हातपाय गाळलेला असायचा. त्याच्या चार वाक्यांचे चार शब्द करून द्यायचे, ही वेगळी कला होती. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

अर्जाच्या इंग्रजीकडून दस्ताच्या इंग्रजीकडे गेलं की जोड्यांचा पाऊस लागतो. 'गिव्ह अँड बिक्वीद', 'हॅव अँड होल्ड', 'एड अँड अबेट', 'सीस अँड डेसिस्ट', 'रिलीज अँड रिलिंक्विश', 'सॉलेम्नली अफर्म अँड से'. एका क्रियापदानं भागत असताना दुसरं कशाला? याचं नेहमी सांगितलं जाणारं उत्तर असं: १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, कोर्टात फ्रेंच बसली, लोकांच्या घरात इंग्रजी राहिली. १३६२ च्या कायद्यानं कोर्टातली तोंडी कैफियत इंग्रजीत चालवायला सांगितलं, पण वकिलांना दोन्हीकडची माणसं धरायची होती. म्हणून एक शब्द फ्रेंचमधला आणि एक देशी, शेजारी शेजारी. ऐकायला सुरेख, आणि आपल्याला पटकन पटतं, कारण आपणही फारसी-अरबीला मराठी-संस्कृत जोडून 'कागदपत्र' केलंच आहे. पण जोड्या नीट तपासल्या तर हिशेब बसत नाही. 'हॅव' आणि 'होल्ड' दोन्ही अस्सल जुन्या इंग्रजीतले. 'एड' आणि 'अबेट' दोन्ही फ्रेंचमधून आलेले. 'रिलीज' आणि 'रिलिंक्विश'चंही तेच. मग उरतं काय? कानाला बरं वाटणं, पळवाट राहू नये ही धास्ती आणि पैसा. इंग्लंडात कागदाचं मोल बराच काळ शब्दांच्या मोजणीवर होतं, त्यामुळं शब्द वाचवण्यात कुणाचंच हित नव्हतं. डेव्हिड मेलिंकॉफ नावाच्या अमेरिकी वकिलानं १९६३ साली 'द लँग्वेज ऑफ द लॉ' हा जाडजूड ग्रंथ लिहून या जोड्यांची पिसं काढली. तरी त्या गेल्या नाहीत. वकिलाला जुना मसुदा बदलायची भीती वाटते, हे त्याचं खरं कारण. ती भीती मला चांगली ओळखीची आहे. मीही वडिलांच्या मसुद्यातला 'निधी, निक्षेप' अजून काढलेला नाही. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या गुंठ्यात पुरलेला हंडा निघाला असता तर एव्हाना कळलं असतं.

इंग्रजीतले सगळे 'अँड' सारख्याच वजनाचे नसतात, हेही सांगायला हवं. 'ट्राय अँड कम' मध्ये येणं हाच प्रयत्न आहे. दोन वेगळ्या क्रिया नाहीत. व्याकरणाचे कडक मास्तर तिथं 'ट्राय टु कम' लिहायला लावतात. फाउलर या कोशकारानं मात्र इंग्रजीच्या वापरावरच्या १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात 'ट्राय अँड'ला मोडीत काढू नका, सहज येईल तिथं येऊ द्या, असा कौल दिला. शिवाय 'ट्राइड' किंवा 'ट्राइंग' केलं की ही जोडी मोडते, इतकी ती नाजूक. 'ही वेंट अँड सोल्ड द हाउस' यात तर कुणी कुठं गेलंच नाही. 'गेला आणि घर विकून बसला' असा वैताग तेवढा आहे. आपल्या 'विकून बसला'त कुणी बसत नाही, तसंच. म्हणजे रोजच्या बोलण्यात इंग्रजीचा 'अँड'ही आपल्या 'ऊन'सारखाच मऊ होतो. कोर्टाच्या इंग्रजीत मात्र तो मऊ होत नाही. तिथं त्याच्या दोन बाजूंच्या दोन क्रिया वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात.

आणि आमच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची जोडी इथंच येते: 'रेड ओव्हर अँड एक्स्प्लेन्ड'.

अंगठा लावणाऱ्या माणसाच्या इंग्रजी प्रतिज्ञापत्राखाली हे शब्द असायचेच: मजकूर मराठीत वाचून दाखवला आणि समजावून सांगितला. पडदानशीन बायकांच्या दस्तांबद्दल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकालांवर निकाल देऊन हेच बजावलं होतं. बाईनं अंगठा लावला हे पुरेसं नाही. तिला दस्त वाचून दाखवला का, तिला तो उमगला का, हे दस्तावर विसंबणाऱ्यानं सिद्ध करायचं. पुढं निरक्षर माणसांच्या बाबतीतही कोर्टं याच दिशेनं विचार करत आली. वाचणं ही एक क्रिया, समजावणं ही दुसरी. पहिली झाली म्हणून दुसरी झाली असं होत नाही.

वडिलांनी मराठी दस्त टाइप करायला घेतले तेव्हा या इंग्रजी वाक्याचं मराठी करायची वेळ आली. टेबलाला टेबलं लागलेली, प्रत्येकाचा मसुदा थोडा वेगळा. कुणी 'वाचून समजावून सांगितल्यावर सही केली' लिहायचा, कुणी 'वाचून पाहून समजून घेऊन सही केली'. वडिलांनी दोन्ही नाकारले. त्यांचं वाक्य असं: 'सदर दस्त लिहून देणार यांस मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यातील मजकूर त्यांना समजावून सांगितला. तो त्यांनी कबूल केला. नंतर त्यांनी सही केली.' चार पूर्ण क्रियापदं, चार पूर्णविराम. बाकीच्यांना हे बोबड्या पोरासारखं वाटायचं. पण एकदा साक्षीसाठी त्यांना पिंजऱ्यात उभं राहावं लागलं, तेव्हा समोरच्या वकिलाचा प्रश्न याच वाक्यावर होता. प्रत्येक वाक्याला 'होय' म्हणता आलं. 'ऊन'ची साखळी असती तर कुठल्या कडीला होय म्हणायचं हाच वाद झाला असता. इंग्रजीकडून आम्ही काय घेतलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. शब्द नाही घेतले. दोन क्रिया दोन ठेवायच्या, ही शिस्त घेतली.

पंढरपुरात कागदाला तोटा कधी नव्हता. विठ्ठलाकडचे बडवे, रुक्मिणीकडचे उत्पात, आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सात सेवाधारी. यांचे हक्क, पाळ्या, वाटे आणि त्यांवरचे तंटे यांनी पिढ्यान् पिढ्या कचेरी भरून राहिली. १९६८ मध्ये नेमलेल्या नाडकर्णी आयोगानं मंदिराच्या कारभाराची चौकशी केली आणि १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमानं वंशपरंपरागत हक्क रद्द केले. त्यावरची कोर्टबाजी संपायला जानेवारी २०१४ उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. त्या वादात कोण बरोबर यावर इथं दुसरा फड लावत नाही. एवढं खरं, की या गावातल्या माणसाला कागदावरच्या क्रियापदाचं वजन बाहेरच्यापेक्षा लवकर कळतं. 'सेवा करीत आलो' आणि 'सेवेचा हक्क आहे' यांतलं अंतर इथल्या पोरालाही समजतं.

मराठीचं राज्य कागदावर सावकाश आलं. राजभाषा अधिनियम १९६४ चा, जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरली ती १९९८ साली. 'सॉलेम्नली अफर्म अँड से' जाऊन 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' आलं. दोन इंग्रजी क्रियापदांच्या जागी परत आपलं 'लिहून देणं'. मला ते आवडलं. पण त्याबरोबर 'वाचून समजून सही केली' हेही गुपचूप परत आलं.

सध्या आमच्याकडं सगळ्यात जास्त होणारा दस्त म्हणजे हक्कसोडपत्र. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि तेव्हापासून भावांच्या गाडीत बसून बहिणी टेबलापुढं येऊ लागल्या. इंग्रजीत 'रिलीज अँड रिलिंक्विश', मराठीत 'हक्क सोडून दिला'. सांगोल्याकडच्या एक बाई आल्या होत्या, साठीच्या पुढच्या. दोन भाऊ बरोबर. दस्त तयार होता, हिरव्या लेजर कागदावर काढलेला. मी म्हटलं, "बसा आक्का, वाचून दाखवतो."

धाकटा भाऊ म्हणाला, "तिला सगळं म्हाईत हाय, काका. टाइम लई झालाय."

मी वाचायला लागलो. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. त्या बोटानं पदराचा काठ चाचपत ऐकत होत्या. 'कोणताही मोबदला न घेता माझा अविभक्त हिस्सा कायमचा सोडून दिला आहे' इथं आलो तसं त्यांनी हात वर केला.

"सोडून दिला म्हंजी? औंदा दिला, का कायमचाच?"

"कायमचाच."

"उद्या लेकराला लागला तर?"

"नाही मागता येणार."

त्यांनी भावांकडं बघितलं नाही. मला म्हणाल्या, "मग आज ऱ्हाऊ द्या. मला इचारून बघायचं हाय." भावांनी पाणी प्यायला म्हणून त्यांना बाजूला नेलं, पाऊण तास बोलले, आणि गाडी तशीच माघारी गेली. दस्त माझ्याकडं पडून राहिला. कागदाचे आणि टायपिंगचे पैसे कुणी दिले नाहीत. तक्रार नाही. पुष्कळ बहिणी सगळं ऐकून, समजून, राजीखुशीनं सोडतातही; तो त्यांचा अधिकार. पण ती बाई पहिल्यांदा काही ऐकत होती ते माझ्या टेबलावर.

आता तर वाचून दाखवणारा माणूस मध्ये असेलच असं नाही. मसुदा संगणकात तयार असतो, नावं आणि गट नंबर बदलले की दस्त बाहेर. नोंदणी कार्यालयात कॅमेऱ्यात फोटो, यंत्रावर अंगठा, आणि नोंदणी कायद्याप्रमाणं दुय्यम निबंधकानं विचारायचं ते इतकंच: हा दस्त तुम्ही करून दिला का? १९०८ चा हा कायदा दस्त करून देणाराची ओळख आणि कबुली बघतो. मजकूर त्याला उमगला का, हे विचारणं त्याचं कामच नाही. म्हणजे १८७९ साली सोलापूर जिल्ह्यातल्या कर्जदार कुणब्याला कायद्यानं जे वाचन मिळालं होतं, ते आज त्याच्या पणतीला हक्क सोडताना कायद्यानं मिळत नाही. ते दस्तलेखकाच्या मर्जीवर आहे. पाठीमागं रांग असते, भाऊ घड्याळ बघत असतात आणि दस्तलेखकालाही दिवसाचे दस्त पुरे करायचे असतात.

म्हणून सांगतो. दस्तावर सही करायला गेलात तर शेवटचं पान आधी काढा. तिथं 'वाचून समजून सही केली' असं एकच वाक्य असेल तर ते तोडायला सांगा: वाचून दाखवला, समजावून सांगितला, कबूल केला. तीन वाक्यं, तीन पूर्णविराम. आणि मग त्यांतलं पहिलं वाक्य तिथंच, टेबलापुढं उभं राहून, खरं करून घ्या. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. ते लिहिण्याच्या मजुरीतच येतात.